जिम्नॅस्टिक्सच्या प्रशिक्षकाला पदकांवरून मोजू नका

क्रीडा पुरस्कारांचे प्रस्ताव मागवले की प्रशिक्षकांच्या फायली जाड होऊ लागतात. किती शिष्य राज्यात पहिले आले, किती राष्ट्रीय स्पर्धेला गेले, कुणी परदेशातून पदक आणलं, याची प्रमाणपत्रं साक्षांकित करून जोडली जातात. केंद्राचा द्रोणाचार्य पुरस्कार असो की राज्याचा उत्कृष्ट मार्गदर्शक पुरस्कार, गुण मिळतात ते प्रामुख्याने शिष्यांच्या पदकांचे. ज्या खेळात खेळाडू सोळा-सतराव्या वर्षी, थोडीफार समज आल्यावर गंभीरपणे सरावाला लागतो, तिथे ही पद्धत अपुरी असली तरी निभावून जाते. जिम्नॅस्टिक्समध्ये ती मुलांच्या हाडांवर आणि मनावर उठते. या खेळातला प्रशिक्षक कसा आहे हे पदकांवरून कळतच नाही. त्याने कुणाला कधी थांबवलं, किती मुलं धडधाकट राहिली आणि किती मुलं पंधराव्या वर्षीही आनंदाने सरावाला येत होती, यावरून ते कळतं. ही माहिती आज कुठेही नोंदली जात नाही आणि कुणी ती मागतही नाही.

जिम्नॅस्टिक्समध्ये मूल पाचव्या-सहाव्या वर्षी येतं. नऊ-दहा वर्षांचं झालं आणि स्पर्धेच्या बॅचमध्ये गेलं की आठवड्याला पंधरा ते वीस तास हॉलमध्ये असतं. शाळा आणि झोप वजा केली तर आईवडिलांपेक्षा सरांचा किंवा ताईंचा सहवास त्याला जास्त मिळतो. हा खेळ हात लावल्याशिवाय शिकवता येत नाही. बॅक हॅण्डस्प्रिंग (मागे उडी घेऊन हातांवरून पुन्हा पायांवर येणं) शिकवताना एक हात कमरेखाली, एक मांडीमागे द्यावाच लागतो. शरीराची रेषा सरळ आहे का, पाऊल ताणलेलं आहे का, याला गुण असतात, त्यामुळे मुलाच्या शरीरावर रोज शेरे मारले जातात. शिवाय भीती आहेच. दहा सेंटिमीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच बीमवर, म्हणजे तोल साधायच्या अरुंद पट्टीवर, मागे उडी घ्यायची, तर भीती वाटणारच. शरीर, भीती, वेळ आणि भविष्य या चारही गोष्टी एका माणसाच्या हाती देणारी जागा बालपणात दुसरी सापडणं अवघड. म्हणून इथे प्रशिक्षकाची मूल्यं हा पुरस्कार सोहळ्यातल्या भाषणाचा विषय राहत नाही. सुरक्षिततेच्या साधनांत मॅटनंतर नाव घ्यावं ते त्यांचंच.

हे नेमकं कसं, ते व्हॉल्टवर, म्हणजे धावत येऊन टेबलावर हात टेकून पलीकडे उडी घेण्याच्या प्रकारावर पाहू. साधा हॅण्डस्प्रिंग व्हॉल्ट शिकवायचा तर आधी धाव. मोठ्या स्पर्धेत २५ मीटरपर्यंत धावता येतं, लहान मुलाला बारा-पंधरा मीटर पुरतात. मग एका पायावरून उडी घेऊन दोन्ही पायांनी स्प्रिंग बोर्डवर आदळणं आणि तिथून मॅटच्या थप्पीवर सरळ उडी. या टप्प्यावर खरं तर उतरणंच शिकवायचं असतं: पावलं कमरेच्या रुंदीइतक्या अंतरावर, गुडघे वाकलेले पण आत न पडलेले, हात समोर, आणि तीन सेकंद स्थिर. पुढचा टप्पा बोर्डवरून थप्पीवर हॅण्डस्टँड, म्हणजे हातांवर उलटं उभं राहणं, आणि तसंच कडक शरीराने पाठीवर पडणं, ज्याला फ्लॅट बॅक म्हणतात. त्याच्या जोडीला खांद्यातून ढकलण्याचा सराव, म्हणजे कोपर न वाकवता हॅण्डस्टँडमध्ये जमिनीवरून उसळी घेणं. हे सगळं बसल्यावर टेबल, तेही पलीकडे टेबलाच्याच उंचीपर्यंत मॅट रचून. मग एकेक मॅट कमी करत जायचं. आठवड्यातून चार दिवस सराव करणाऱ्या मुलाला यात सहज वर्ष जातं.

आता जिल्हा स्पर्धा तीन आठवड्यांवर आली आहे आणि व्हॉल्ट अजून बसलेला नाही. तेव्हा फ्लॅट बॅकचा टप्पा गाळून मुलीला थेट टेबलावर आणलं जातं. तिच्या खांद्यांना ढकलणं येत नाही, म्हणून टेबलावर कोपर वाकतात. कोपर वाकले की उसळी मरते. उसळी मेली की फिरणं अपुरं पडतं आणि ती मागे झुकून, गुडघे ताठ ठेवून मॅटवर येते. घोटा मुरगळणं, गुडघ्याचं लिगामेंट तुटणं, शेपटीच्या हाडाला मार बसणं हे सगळं याच क्षणाला होतं. सरावात मात्र ते दिसत नाही, कारण टेबलापलीकडे उभे असलेले सर पाठीला हात देऊन तिला फिरवून घेतात. व्हॉल्ट ‘झाला’ असं तिला वाटतं, पालकांना वाटतं आणि हळूहळू सरांनाही वाटू लागतं. स्पर्धेत तो हात नसतो.

हात देणं हे प्रशिक्षकाचं मोठं कौशल्य आहे, पण त्याचा उपयोग शिकवण्यासाठी असतो. चूक झाकण्यासाठी तो वापरला की घात होतो. आधार हळूहळू सुटत जायला हवा. आधी पूर्ण हात, मग फक्त बोटं, मग नुसतं जवळ उभं राहणं. ज्या मुलीला तीन महिने तितकाच हात लागतोय, तिला मागच्या टप्प्यावर न्यायला हवं. हे पालकांसमोर, स्पर्धा तोंडावर असताना सांगणं हीच नेतृत्वाची खरी कसोटी. त्यात टाळ्या नसतात, उलट एक विद्यार्थी दुसऱ्या क्लबला जाण्याची शक्यता असते.

मुलं धावत येतात आणि बोर्डपाशी थबकतात, हेही नेहमीचं. असं थबकणाऱ्या मुलावर ओरडलं तर ते पुढच्या वेळी उडी मारतं, पण डोळे मिटून मारतं. थबकण्यामागे जवळजवळ नेहमी गाळलेला टप्पा, नुकताच बसलेला मार किंवा हवेत आपण कुठे आहोत याचं सुटलेलं भान असतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सला नेमकं हेच झालं. सांघिक अंतिम फेरीत पहिल्याच व्हॉल्टवर तिचं हवेतलं भान सुटलं आणि ती त्या फेरीतून बाहेर पडली. सेसिल आणि लॉरां लांडी हे तिचे प्रशिक्षक तिच्या पाठीशी उभे राहिले. अमेरिकेला सुवर्णाऐवजी रौप्य मिळालं. काही दिवसांनी बाइल्सने बीमवर गिरकी नसलेली उतरण घेऊन कांस्यपदक मिळवलं आणि तीन वर्षांनी पॅरिसमध्ये सांघिक, सर्व साधनांवरचं एकत्रित आणि व्हॉल्टचं सुवर्ण जिंकलं. तिला त्या दिवशी ढकललं असतं तर पॅरिस झालं असतं का, हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षकाने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

याच्या शेजारी १९९६चं अटलांटा ऑलिंपिक ठेवून पाहावं. अमेरिकेच्या केरी स्ट्रगचा पहिल्या व्हॉल्टवर घोटा दुखावला. तिचे प्रशिक्षक बेला कारोली मैदानाच्या कडेवरून तिला प्रोत्साहन देत होते. तिने दुसरा व्हॉल्ट मारला, उतरताच एका पायावर आली आणि कोसळली. कारोलींनी तिला उचलून पदक समारंभाला नेलं ते छायाचित्र जगभर गाजलं. गुणांचा हिशेब केल्यावर दिसलं की तिने दुसरा व्हॉल्ट मारला नसता तरी अमेरिकेचं सुवर्ण पक्कं होतं. केरीचं धैर्य निर्विवाद आहे. पण मोठ्यांनी त्या क्षणी आकडेमोड करून तिला थांबवायला हवं होतं, आणि आपण अजूनही तो प्रसंग जिद्दीचा आदर्श म्हणून शाळांत सांगतो.

भारतात या विषयावर बोलायचं तर बिश्वेश्वर नंदी यांच्याकडे पाहायलाच हवं. आगरतळ्यात सोमा नंदी यांच्या हाताखाली दीपा कर्माकर सहाव्या वर्षी शिकू लागली आणि पुढे त्यांचे पती बिश्वेश्वर यांच्याकडे आली. तिचे तळपाय सपाट होते. सपाट तळव्याच्या खेळाडूला धावेचा जोर बोर्डवर नीट उतरवता येत नाही आणि उतरताना घोटा आत कलतो. निवड चाचणीत अशी मुलं सर्रास बाद होतात. नंदी दांपत्याने तिला बाद केलं नाही. पावलाची कमान उचलण्याचे व्यायाम, टाचा-चवड्यांवरचं चालणं, वर्षानुवर्षं. २०१४च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत तिने व्हॉल्टवर कांस्यपदक घेतलं, तसं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट. पुढे रिओ ऑलिंपिकसाठी पात्र ठरणारीही पहिलीच.

१४ ऑगस्ट २०१६ला रिओत दीपाने प्रोदुनोव्हा नावाचा व्हॉल्ट मारला. टेबलावरून हात सुटल्यावर पुढच्या बाजूने दोन पूर्ण कोलांट्या घेऊन पायांवर यायचं. पुढे फिरताना जमीन शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही, त्यामुळे उतरणं अंदाजाने करावं लागतं. थोडं कमी फिरलं तर मानेवर येण्याचा धोका. त्या वेळच्या नियमावलीत त्याचं काठिण्यमूल्य ७.० होतं. दीपा खोल बैठकीत उतरली, मांडणीचे, म्हणजे उडीच्या सफाईचे, ८.२६६ मिळाले. दोन व्हॉल्टची सरासरी १५.०६६. कांस्य जिंकणाऱ्या जुलिया श्टाइनग्रुबरचे १५.२१६. पदक ०.१५० गुणांनी हुकलं. नंदींना त्याच वर्षी द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

प्रोदुनोव्हा मारण्याच्या या निर्णयावर माझं मत संमिश्र आहे. दोन्ही व्हॉल्ट सुबक पण मध्यम मूल्याचे ठेवून दीपा अंतिम फेरीतही पोचली नसती, हे आकड्यांवरून उघड आहे. अपुरी साधनं असलेल्या देशाच्या खेळाडूला धोका विकत घेऊनच पुढे जावं लागतं, ही त्या गुणपद्धतीची चूक होती आणि पुढे या व्हॉल्टचं मूल्य कमी झालं ते योग्यच झालं. नंदींनी तिला फोमच्या खड्ड्यात असंख्य वेळा उतरवून मगच मॅटवर आणलं आणि तेव्हा ती वयाने सज्ञान होती, स्वतःहून तयार होती. तरीही मला या गुरूचं मोठेपण रिओत दिसत नाही, ते पुढच्या आठ वर्षांत दिसतं. २०१७मध्ये तिच्या गुडघ्याच्या लिगामेंटवर शस्त्रक्रिया झाली. ती परतली आणि २०१८मध्ये तुर्कस्तानात मर्सिनच्या वर्ल्ड चॅलेंज कपमध्ये व्हॉल्टचं सुवर्ण घेतलं. पुन्हा दुखापती झाल्या. हिजेनामिन या प्रतिबंधित द्रव्यामुळे २१ महिन्यांची बंदी आली, ती जुलै २०२३मध्ये संपली. ते द्रव्य नकळत शरीरात गेलं असं तिने सांगितलं होतं, आणि कुठलीही पावडर किंवा गोळी खेळाडूच्या तोंडात जाण्याआधी तिचं लेबल कुणी वाचायचं, हे प्रत्येक क्लबने ठरवून ठेवायला हवं याचा तो धडाच आहे. या सगळ्या काळात नंदी तिच्याबरोबर राहिले. मे २०२४मध्ये ताश्कंदला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने १३.५६६ गुणांसह व्हॉल्टचं सुवर्ण जिंकलं, या स्पर्धेतलं भारताचं पहिलं. तेव्हा ती तीस वर्षांची होती. ऑक्टोबर २०२४मध्ये तिने स्वतःच्या निर्णयाने निवृत्ती घेतली. पदकांच्या तक्त्यात ताश्कंदला रिओपेक्षा वजन कमी असेल. प्रशिक्षकाच्या मूल्यमापनात मात्र सहाव्या वर्षी आलेली मुलगी तिसाव्या वर्षी खेळत होती, याला सर्वांत जास्त वजन असायला हवं.

उलट टोक जगाने पाहिलं आहे. रुमानियाच्या नादिया कोमानेचीने १९७६मध्ये माँट्रियलला ऑलिंपिकमधले पहिले पूर्ण १० गुण मिळवले तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आजच्या नियमाने तिला तिथे उतरताच आलं नसतं. महिलांसाठी वरिष्ठ गटाचं किमान वय १९९७पासून सोळा आहे. पण वयाची अट वाढवून वातावरण बदललं नाही. टेक्सासमधल्या कारोलींच्या केंद्रात अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाची शिबिरं होत. तिथे पालकांना प्रवेश नव्हता. संघाचा डॉक्टर लॅरी नासर मुलींवर उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षं लैंगिक अत्याचार करत राहिला. जानेवारी २०१८मध्ये मिशिगनच्या न्यायालयात दीडशेहून अधिक मुली-स्त्रिया बोलल्या आणि त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. तो प्रशिक्षक नव्हता हे खरं. पण मुलींनी दुखणं सांगायचं नाही, भूक सांगायची नाही, रडायचं नाही ही सवय हॉलमध्येच लागली होती. अशा मुलीला अत्याचारही कुणाला सांगता येत नाही. ब्रिटनमध्ये ॲन व्हाइट यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल जून २०२२मध्ये आला. चारशेहून अधिक लोकांनी निवेदनं दिली होती. त्यातल्या ४० टक्क्यांहून अधिक निवेदनांत शारीरिक छळाचं वर्णन होतं, निम्म्याहून अधिक निवेदनांत मानसिक छळाचं. पाणी पिऊ न देणं, स्वच्छतागृहात जाऊ न देणं, सर्वांसमोर वजन करणं, रडेपर्यंत ताणणं. हे वाचताना आपल्याकडच्या कितीतरी हॉलची आठवण यावी.

ताणण्याचं घ्या. स्प्लिट (दोन्ही पाय सरळ फाकवून बसणं) येत नाही म्हणून मुलीच्या मांडीवर किंवा पाठीवर मोठ्या माणसाने बसणं अनेक ठिकाणी अजून सुरू आहे, आणि रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये (चेंडू, रिबन अशी साधनं घेऊन संगीतावर करायचा प्रकार), जिथे लवचिकतेला फार भाव आहे, त्याचा मोह जास्त. वाढत्या वयात मांडीमागचा स्नायू बैठकीच्या हाडाला जिथे चिकटलेला असतो, तिथे हाड अजून कूर्चेने जोडलेलं असतं. बाहेरून जोर दिला की स्नायू ताणला जाण्याऐवजी हाडाचा तुकडाच सुटू शकतो. मुलगी किंचाळते आणि तिला ‘नाटक करू नको’ असं ऐकवलं जातं. लवचिकता सुरक्षितपणे वाढते ती गरम झालेल्या स्नायूंवर, मुलाच्या स्वतःच्या वजनाने, तीस सेकंद ते एक मिनिटाच्या टप्प्यांत आणि त्याच स्नायूंची ताकद सोबत वाढवत. यासाठी महिने लागतात.

मनगट आणि कंबर या आणखी दोन नाजूक जागा. हाताच्या हाडाच्या टोकाची वाढीची चकती सतत दाबली गेली की मनगट दुखू लागतं. मूल हात मागे वाकवून जमिनीवर टेकवताना तोंड वाकडं करतं. कमान आणि मागच्या उड्या अति झाल्या की कमरेच्या मणक्यात बारीक तडा जातो, आणि एका पायावर उभं राहून मागे वाकताना त्याच बाजूला कळ येते. या दोन्ही खुणा प्रशिक्षकाला दिसायला हव्यात. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांची चौदाच्या आसपास झपाट्याने वाढते. त्या काळात हाडं आधी वाढतात, स्नायू मागून येतात, आणि काल जमणारी उडी आज चुकते. दर महिन्याला उंची मोजून ठेवली आणि ती महिन्याला अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक वाढू लागली की उतरण्यांची संख्या कमी करायची, नवी अवघड उडी सुरू करायची नाही. यासाठी भिंतीवर चिकटवलेली एक टेप आणि एक वही पुरते. आठवड्याच्या सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, हा ढोबळ नियमही उपयोगी आहे. दहा वर्षांच्या मुलाला वीस तास म्हणजे दुप्पट.

वजनाचा काटा मात्र हॉलमधून काढूनच टाकावा. तेरा वर्षांच्या मुलीला ‘जड झालीस’ म्हटलं की ती डबा परत नेते. पोटात पुरेसं न गेल्यामुळे पाळी येत नाही किंवा आलेली थांबते, हाडं ठिसूळ होतात, पायाच्या नळीत तडे जातात. पंधरा वर्षांपर्यंत पाळी न येणं किंवा सलग तीन महिने चुकणं ही डॉक्टरकडे जाण्याची खूण आहे. आपल्याकडे अजूनही अनेक प्रशिक्षक आणि आयाही ती चांगल्या सरावाची खूण मानतात.

यावर येणारा आक्षेप ठरलेला आहे. ‘लाड केले तर पदक येत नाही. छडीशिवाय विद्या नाही. आम्हीही असेच घडलो.’ हा आक्षेप मनापासून घेतला जातो, म्हणून त्याचं उत्तरही मनापासून द्यायला हवं. शिस्त लागतेच. वेळेवर येणं, वॉर्म-अप पूर्ण करणं, कंडिशनिंगचे (ताकदीच्या व्यायामाचे) सेट न चोरणं, मॅग्नेशियम पावडर हाताला लावल्याशिवाय बारवर न चढणं, सर बोलत असताना बीमवरून उतरणं. या गोष्टींत ढिलाई करणारा प्रशिक्षक मुलांचा शत्रूच. पण शिस्त नियमांची असते, भीती माणसाची. माणसाला घाबरणारं मूल दुखणं लपवतं, आणि लपवलेलं दुखणं स्पर्धेच्या दिवशी उघडं पडतं. कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाच्या संघाच्या प्रशिक्षक वॅलरी कोंडोस फील्ड मूळच्या बॅले नर्तिका, स्वतः कधी जिम्नॅस्टिक्स खेळल्या नव्हत्या. सुरुवातीला त्यांनीही इतरांची नक्कल करत दरडावून पाहिलं आणि संघाने त्यांना तोंडावर नाराजी सांगितली. त्यांनी पद्धत बदलली आणि २०१९मध्ये निवृत्त होईपर्यंत सात राष्ट्रीय विद्यापीठ विजेतेपदं मिळवली. केटलिन ओहाशी ही किशोरवयात बाइल्सलाही हरवलेली मुलगी दुखापती आणि शरीरावरच्या टोमण्यांनी खचून वरच्या पातळीवरून बाहेर पडली होती. याच संघात ती पुन्हा हसत खेळू लागली, आणि जानेवारी २०१९मधलं तिचं फ्लोअरवरचं पूर्ण १० गुणांचं सादरीकरण कोट्यवधी लोकांनी पाहिलं.

महाराष्ट्रात या खेळाला जमीन आहे. बाळंभट्ट देवधरांपासून चालत आलेला मल्लखांब, दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरासारख्या संस्था, ठाण्याने रिदमिकमध्ये देशपातळीवर कमावलेलं नाव. अडचण आर्थिक मांडणीत आहे. बहुतेक वर्ग शाळेच्या किंवा पालिकेच्या सभागृहात चालतात. संध्याकाळी मॅट अंथरायच्या, रात्री गुंडाळायच्या. मॅटचं वेल्क्रो झिजलं की दोन मॅट सरकून मध्ये फट पडते आणि घोटा त्याच फटीत जातो. क्रॅश मॅटचा (उतरायच्या जाड गादीचा) फोम बसला की गुडघ्याने दाबून खालची फरशी लागते. नवी मॅट महाग, म्हणून जुनीच चालवतात. स्पर्धेच्या पाच-सहा मुलांचा खर्च पंचवीस-तीस नवशिक्यांच्या फीवर निघतो, आणि त्या नवशिक्यांसाठी एकच प्रशिक्षक असतो. सुरक्षित शिकवायचं तर एकाकडे आठ-दहा मुलं पुरेत. वर दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या. त्यामुळे ‘यंदा राज्याला गेली पाहिजे’ हा पालकांचा रेटा तेराव्या वर्षीच, म्हणजे नेमक्या उंची वाढण्याच्या काळात सर्वांत जास्त असतो. एकटा प्रशिक्षक कितीही सद्वर्तनी असला तरी या रेट्यापुढे टिकणं कठीण. म्हणून त्याच्या मूल्यांना व्यवस्थेचा आधार हवा.

कायदा अपुरा नाही. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा क्रीडा संस्था, स्टेडियम आणि क्रीडा संकुलांनाही कामाचं ठिकाण मानतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती सक्तीची, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याखाली मुलावर अत्याचार झाल्याचं कळूनही न कळवणं हा गुन्हा आहे, आणि तो क्लबच्या सचिवालाही लागू होतो. २०२५च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने सुरक्षित खेळाचं धोरण आणि खेळाडूंचा आवाज यांना जागा दिली आहे. हे दिल्लीहून ठाण्याच्या, सांगलीच्या, संभाजीनगरच्या हॉलपर्यंत पोचवायचं काम जिल्हा संघटनांचं आहे.

पोचवायचं म्हणजे काय? प्रत्येक हॉलमध्ये दुखापतींची एक वही: तारीख, साधन, कोणती उडी, कोणती मॅट, किती दिवस सराव बुडाला. वर्षाअखेर ती जिल्हा संघटनेने पाहावी. एकाच महिन्यात तीन घोटे एकाच मॅटवर गेले असतील तर ते आपोआप दिसेल. दहा वर्षांखालच्या गटात नोंदलेल्या मुलांपैकी चौदाव्या वर्षी किती उरली आणि बाकीची का गेली, हे विचारावं. पुरस्काराच्या प्रस्तावात हे दोन्ही आकडे सक्तीचे करावेत आणि खेळ सोडलेल्या पाच माजी विद्यार्थ्यांशी समितीने स्वतः बोलावं. बारा वर्षांखालच्या मुलांच्या पदकांना प्रशिक्षकाच्या गुणांकनात शून्य गुण द्यावेत. त्या वयाची पदकं बहुतेकदा लवकर सुरू केल्याची किंवा टप्पे गाळल्याची असतात आणि त्यातली फार थोडी मुलं पुढे टिकतात. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम किंवा सहा आठवड्यांचं प्रमाणपत्र हा तांत्रिक पाया झाला. त्याला बालसंरक्षणाचं प्रशिक्षण आणि प्रथमोपचाराचं चालू प्रमाणपत्र जोडलं पाहिजे.

हे घडवून आणायला नव्या मंत्रालयाची किंवा मोठ्या निधीची गरज नाही. सभागृह भाड्याने देणारी महापालिका किंवा शाळा करारातच अटी घालू शकते. सराव सुरू असताना दार उघडं, पालकांना बसायला जागा, हॉलमध्ये नेहमी दोन सज्ञान माणसं आणि त्यातली एक स्त्री, शरीराला हात लावण्याआधी ‘आता पाठीला हात देतोय’ असं सांगण्याची सवय, तक्रारीसाठी क्लबबाहेरच्या व्यक्तीचा फोन नंबर भिंतीवर, मॅटची वर्षातून एकदा तपासणी. त्याबदल्यात भाडं निम्मं करावं, म्हणजे तीसऐवजी पंधरा मुलांची बॅच घेऊनही प्रशिक्षकाचं घर चालेल. ज्याला महिन्याच्या शेवटी फीची चिंता नाही, त्याला एका पालकाला ‘यंदा नको, पुढच्या वर्षी उतरवू’ असं सांगणं परवडतं.